माकडताप : पातेऱ्यातील गोचीड आणि काजूचा हंगाम



डास चावल्याने हिवताप होतो, ही गोष्ट आता प्राथमिक शाळेतील मुलालाही ठाऊक असते. त्यामानाने गोचीड हा जीव दुर्लक्षित राहिला. तो गुरांच्या कानात व आचळाभोवती दिसतो, कुत्र्याच्या अंगावर दिसतो. दिसला तर काढून टाकावा, एवढाच त्याच्याशी माणसाचा संबंध, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सत्तरी, दोडामार्ग, सावंतवाडी व खानापूर या एकमेकांना लागून असलेल्या डोंगराळ मुलखात मात्र ही समजूत आता परवडणारी नाही. या मुलखात २०१५ सालापासून ‘माकडताप’ या नावाने जो रोग परिचित झाला, त्याचा प्रसार गोचीडच करतो. माकडाचे नाव रोगाला चिकटले, आणि त्या नावामुळे लोकांचे लक्ष झाडाच्या शेंड्याकडे गेले. धोका असतो तो पायाखालच्या पातेऱ्यात. हे ज्या कष्टाने उमगले, त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगणे इष्ट होईल.

१९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर नावाच्या अरण्याच्या आसपास, माकडे मरून पडत असल्याच्या वार्ता आल्या. त्याच सुमारास त्या अरण्यात जळाऊ लाकडासाठी व गुरे चारण्यासाठी जाणारी माणसे तीव्र तापाने आजारी पडू लागली. त्यांपैकी काही दगावली. पुण्यात १९५२ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद व रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी स्थापन केलेले विषाणू संशोधन केंद्र होते; तेच १९७८ पासून राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. केंद्राचे संचालक डॉ. टेलफर्ड वर्क, डॉ. हॅरल्ड ट्रापिडो आदी संशोधक त्या अरण्यात दाखल झाले. सर्वांच्या मनात भीती एकच होती. माकडे आणि माणसे एकाच वेळी मरू लागतात असा सर्वपरिचित रोग म्हणजे आफ्रिका व दक्षिण अमेरिका खंडांतील पीतज्वर. आशियात त्याची साथ कधी झालेली नव्हती. तो भारतात शिरला असता तर काय अनर्थ ओढवला असता, याची कल्पना केलेली बरी.

ती भीती खोटी ठरली. मृत माकडे, रुग्णांचे रक्त आणि अरण्यातील गोचीड या तिन्हींतून एकच विषाणू हाती लागला, आणि त्याचे नाते पीतज्वराऐवजी थेट सायबेरियाच्या जंगलांत गोचिडांमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूंशी जुळले. कर्नाटकातील दमट अरण्यात रशियाच्या बर्फाळ प्रदेशातील रोगाचा भाऊबंद कसा आला, हे कोडेच होते. स्थलांतरी पक्षी आपल्या अंगावरच्या गोचिडांबरोबर तो घेऊन आले असावेत, अशी शंका घेण्यात आली आणि पक्ष्यांच्या पायांत कडी अडकविण्याच्या कामास त्यामुळे बरीच चालना मिळाली. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही. परंतु पक्षिशास्त्राचा त्यात लाभ झाला, हे नमूद करण्यासारखे आहे.

या संशोधनातील आणखी एक नाव सांगितलेच पाहिजे. डॉ. होर्हे बोशेल हे मूळचे कोलंबियाचे. त्या देशात लाकूडतोडे मोठा वृक्ष पाडीत असता शेंड्यावर राहणारे निळसर डास फांद्यांबरोबर खाली येतात व लाकूडतोड्यांना चावतात, हे त्यांनी पाहिले होते. अरण्यातील पीतज्वर माणसापर्यंत कसा पोहोचतो, याचा उलगडा त्या निरीक्षणाने झाला. वृक्षाच्या शेंड्याकडे पाहून शिकलेल्या या संशोधकाला क्यासनूरमध्ये दृष्टी जमिनीकडे वळवावी लागली. पुणे केंद्रातील डॉ. टी. रामचंद्र राव, डॉ. पी. के. राजगोपालन प्रभृती भारतीय कीटकशास्त्रज्ञांनीही हेच केले. पांढरे कापड पातेऱ्यावरून ओढीत जायचे, थोड्या थोड्या अंतरावर थांबून त्याला चिकटलेले गोचीड चिमट्याने वेचायचे, त्यांच्या जाती व अवस्था वेगळ्या करायच्या, आणि हे काम महिनोन्‌महिने, ऋतूमागून ऋतू करीत राहायचे. यात नाट्य काही नाही. जोखीम मात्र होती. हा विषाणू हाताळताना प्रयोगशाळेतील अनेक कर्मचाऱ्यांनाच ताप येऊन गेला. पुढे २०१२ साली पुण्यात सर्वोच्च सुरक्षा पातळीची प्रयोगशाळा उभी राहिली, तिची गरज असल्या विषाणूंमुळेच होती.

कापडावर वेचलेल्या त्या गोचिडांनी काय सांगितले? मुख्य वाहक म्हणून ‘हिमॅफिसॅलिस स्पिनिजेरा’ ही जात निश्चित झाली. गोचीड हा कीटक नव्हे, तो कोळी व विंचू यांच्या कुळातला. अंड्यातून बाहेर पडतो तो सहा पायांचा सूक्ष्म डिंभ; तो एकदा रक्त पितो, गळून पडतो, कात टाकतो आणि आठ पायांचे पिल्लू होतो; पिल्लू पुन्हा एखाद्या प्राण्याचे रक्त पिऊन गळते व प्रौढ होते. म्हणजे एका आयुष्यात तीन जेवणे, आणि प्रत्येक जेवणासाठी नवा यजमान. डिंभावस्थेत पोटात शिरलेला विषाणू पिल्लात व पुढे प्रौढातही टिकून राहतो. पावसाळ्यात प्रौढ गोचीड गुराढोरांसारख्या मोठ्या जनावरांवर चढतात. रक्ताने फुगलेली मादी जमिनीवर गळून हजारो अंडी घालते. पाऊस ओसरल्यावर डिंभ बाहेर येतात, आणि थंडीपासून मे महिन्यापर्यंत पिल्लांचा सुकाळ असतो. माणसाला चावते ते बहुधा हे पिल्लूच. त्याचा आकार तिळापेक्षाही लहान. ते अंगावर चढल्याचे कळत नाही, चावल्याचेही कित्येकदा कळत नाही.

आता माकडाकडे वळावे. काळ्या तोंडाचे वानर व लाल तोंडाचे माकड या दोहोंनाही हा रोग होतो, आणि माणसाप्रमाणेच तेही त्याला बळी पडतात. आजारी माकडाच्या रक्तात विषाणू विपुल असतो. त्या काळात त्याचे रक्त प्यालेले शेकडो डिंभ बाधित होतात. माकड मरते, त्याच्या अंगावरचे गोचीड आसपास गळतात, आणि काही आठवड्यांनी त्या जागी बाधित पिल्लांचे जणू पेरलेले शेत तयार होते. म्हणून मेलेले माकड ही सूचना आहे. माकडांना मारणे वा हुसकावणे हा यावर उपाय नव्हे. जखमी वा आजारी माकड नव्या भागात गेले तर रोग तेवढाच पुढे सरकतो. विषाणूचे कायमचे घर बहुधा उंदीर, चिचुंद्री, साळिंदर असले लहान प्राणी व त्यांच्यावरचे गोचीड हेच असावे. माणूस तर या साखळीचे शेवटचे टोक. एका माणसापासून दुसऱ्याला हा ताप होत नाही. रुग्णाला वाळीत टाकण्याचे काहीच कारण नाही.

गुरांची गोष्ट थोडी अवघड आहे, कारण ती गावकऱ्यांना रुचणारी नाही. गुरे या तापाने आजारी पडत नाहीत आणि विषाणूही फारसा वाहत नाहीत. परंतु प्रौढ गोचिडांना पोटभर रक्त मिळते ते गुरांकडून. अरण्य तोडून शेती वाढली, गुरे अरण्याच्या कडेला चरू लागली आणि गोचिडांची पैदास त्याच कडेला वाढली, असे बोशेल यांनी १९६९ साली मांडले. त्याचा कटू प्रत्यय १९८० नंतर दक्षिण कन्नड जिल्ह्यात आला. बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी जुने अरण्य साफ करण्यात येत असता साथ उसळली आणि १९८३ च्या सुमारास हजाराहून अधिक माणसे आजारी पडून शंभराहून अधिक दगावली. काजूची या रोगाशी गाठ पडली ती अशी, गोव्यात ताप येण्याच्या तीस वर्षे आधी.

दीर्घकाळ हा रोग कर्नाटकातील पश्चिम घाटाच्या काही जिल्ह्यांपुरता होता. तेथे त्याला ‘मंगन कायिले’ म्हणजे माकडाचा आजार म्हणतात. २०१२ नंतर बंदीपूर, नीलगिरी व वायनाड या भागांत तो आढळला. २०१५ साली सत्तरी तालुक्यातील पाली येथे, २०१६ साली दोडामार्ग तालुक्यातील केर येथे आणि २०१७ साली सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात त्याचा उद्रेक झाला. २०१९ साली सागर तालुक्यातील अरलगोडू भागात त्याने पुन्हा अनेकांचे प्राण घेतले. मूळ स्थानीही तो जिवंत आहे, याची ती खूण होती.

गोव्यातील उद्रेकात एक बाब विशेष पुढे आली. बेळगाव जिल्ह्यातून गोव्यात काजूच्या कामाला आलेले मजूर आजारी पडले होते. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे; गोचिडाच्या पिल्लांचा हंगामही तोच. काजूचे बोंड झाडावरून तोडीत नाहीत, पिकून खाली पडलेले वेचतात. म्हणजे दिवसभर वाकून, उघड्या हातांनी व बहुधा उघड्या पायांनी, पातेरा चाळायचा. संशोधक पांढऱ्या कापडाने जे करीत होते, तेच हा मजूर आपल्या अंगाने करतो. त्याला ‘रानात जाऊ नका’ असे सांगणारे फलक लावून काय साधणार? वर्षाची मिळकत ज्या तीन महिन्यांत होते, ते महिने तो घरी बसून काढू शकत नाही. सल्ला द्यायचा तर तो काम करीत असताना पाळता येईल असाच हवा.

असा सल्ला देता येतो. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार व तिची टोके मोज्यांत खोचलेली, पायांत बूट. फिकट रंगाच्या कपड्यावर पिल्लू चटकन दिसते. उघड्या अंगाला आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीडप्रतिबंधक तेल कामावर जाण्यापूर्वी लावावे. विसाव्याला पातेऱ्यावर आडवे होऊ नये. घरी परतल्यावर कपडे गरम पाण्यात भिजवावेत, साबणाने आंघोळ करावी आणि काखा, जांघा, कानामागची जागा नीट तपासावी. चिकटलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. विडीने चटका देऊ नये, रॉकेल ओतू नये, बोटांनी चिरडू नये. गोठ्यात अंथरण्यासाठी या महिन्यांत रानातील पातेरा आणण्याची रीत बाधित भागात सोडावी लागेल, आणि गुरांच्या अंगावरील गोचिडांवर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषधयोजना करावी लागेल. तेल, बूट व मोजे यांचा खर्च मजुराने करावा की बागायतदाराने, हा प्रश्न टाळता येणार नाही. काजूच्या बियांचा भाव पाहता तो बागायतदाराला जड जाऊ नये.

रोगाची लक्षणे अशी : गोचीड चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून सडकून ताप, असह्य डोकेदुखी, अंगदुखी, डोळ्यांत लाली, कमालीची ग्लानी, काहींना उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त. काही रुग्णांत ताप उतरून एकदोन आठवड्यांनी तो पुन्हा येतो, आणि त्या वेळी मेंदूवर परिणाम दिसतो. शंभर रुग्णांपैकी सुमारे तीन ते पाच दगावतात. विषाणूवर थेट काम करणारे औषध नाही. परंतु शरीरातील पाणी राखणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे व वेळीच रुग्णालयात हलविणे यांनी प्राण वाचतात. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या मनाने घेणे धोक्याचे, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

लसीची कहाणी उत्साहवर्धक नाही. प्रारंभी रशियन मेंदूज्वराची लस देऊन पाहिली, ती निरुपयोगी ठरली. नंतर कोंबडीच्या गर्भातील पेशींवर विषाणू वाढवून केलेली मारक लस कर्नाटकात १९९० पासून अनेक वर्षे देण्यात आली. तिचे संरक्षण अपुरे व अल्पकाळ टिकणारे होते, पुन्हा पुन्हा मात्रा घ्याव्या लागत. २०२२ साली तिचा वापर थांबला. त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नव्या लसीचे काम हाती घेतले आहे. ती लस सिद्ध होऊन गावात पोहोचेपर्यंत भिस्त ठेवायची ती तेलावर, कपड्यांवर आणि वेळेवर मिळणाऱ्या बातमीवर.

बातमीचा प्रश्न दोन ठिकाणी अडतो. पहिले ठिकाण मेलेल्या माकडाजवळचे. ते दिसताच हात न लावता वनरक्षकाला किंवा आरोग्य केंद्राला कळवावयाचे असते. मग पथक येऊन नमुना घेते, शवाची विल्हेवाट लावते व भोवतालच्या सुमारे ५० फूट जागेत कीटकनाशक भुकटी टाकते. रानाच्या वाटेने शाळेत येणाऱ्या मुलांना असे शव पुष्कळदा सर्वांआधी दिसते. मुले ते शिक्षकांना सांगतील आणि शिक्षक त्याच दिवशी निरोप पाठवतील, अशी व्यवस्था प्रत्येक डोंगराळ गावातील शाळेत सहज बसविता येईल. दुसरे ठिकाण सरहद्दीचे. मजुराला गोचीड चावतो गोव्यात, ताप भरतो तो गावी परतल्यावर कर्नाटकात. तेथील दवाखान्याच्या नोंदवहीत त्याचा गाव लिहिला जातो, बाग लिहिली जात नाही. आणि ज्या बागेत बाधित पिल्ले आहेत तेथे दुसऱ्या दिवशी दुसरा मजूर बोंडे वेचीत असतो. गोवा, सिंधुदुर्ग व बेळगाव या तिन्हीकडील दवाखान्यांत डिसेंबर ते मे या काळात आलेल्या प्रत्येक तापाच्या रुग्णाला ‘गेल्या पंधरा दिवसांत कोठे काम केले?’ हा एक प्रश्न विचारून उत्तर नोंदवहीत लिहिले, आणि ते त्याच आठवड्यात सरहद्दीपलीकडच्या आरोग्य अधिकाऱ्याला कळविले, तर त्या बागेपर्यंत पथक हंगाम संपण्यापूर्वी पोहोचू शकते.