पुराणकथेचा साचा आणि लोकप्रिय चित्रपट



चित्रपट ही यंत्रयुगाची कला असली, तरी तिची मुळे यंत्रयुगात नाहीत. ती पुराणांत, कीर्तनात आणि चातुर्मासात घरोघरी वाचल्या जाणाऱ्या ‘रामविजय’ व ‘पांडवप्रताप’ यांसारख्या ग्रंथांत आहेत. पांढुर्णा आणि सौंसरच्या रसिकांना हे विशेष परिचयाचे आहे. राज्य पुनर्रचनेमुळे 1956 साली हा प्रदेश विदर्भापासून वेगळा झाला आणि मध्यप्रदेशात राहिला. 2023 साली त्याचा स्वतंत्र जिल्हाही झाला. सीमा बदलल्या, पोथीतील कथा मात्र नदीच्या दोन्ही तीरांवर तीच राहिली.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात झळकला. तो मूकपट होता. पडद्यावरील राजा बोलत नव्हता, तरी प्रेक्षकांचे काही अडले नाही. कारण त्या राजाचे सत्य, तारामतीचे दुःख आणि स्मशानातील अखेरचा प्रसंग त्यांना आधीच पाठ होता. नव्या कलेला भाषा नव्हती, ती भाषा पुराणकथेने पुरविली. पुढे 1932 मध्ये ‘प्रभात’ने पहिला मराठी बोलपट काढला तेव्हाही विषय हरिश्चंद्राचाच होता, ‘अयोध्येचा राजा’ हे त्याचे नाव.

कालांतराने पडद्यावरील मुकुट उतरले आणि त्यांच्या जागी कोट व खाकी गणवेश आले. तथापि आतील साचा फारसा बदलला नाही. ‘आवारा’ (1951) मधील न्यायाधीशाचे नाव रघुनाथ आहे. दरोडेखोराने पळवून नेलेली पत्नी परत येते आणि केवळ संशयामुळे तो त्या गर्भवतीस घराबाहेर काढतो. ही कथा कोणाची, हे सांगण्याची गरज कोणत्याही भारतीय प्रेक्षकास भासत नाही. ‘दीवार’ (1975) मध्ये दोन भाऊ परस्परांसमोर उभे ठाकतात आणि एकाच्या गोळीने दुसरा कोसळतो. मधल्या मध्ये विदीर्ण होणाऱ्या आईच्या ठायी कुंतीची व्यथा दिसते. ‘बाहुबली’ (2015 व 2017) मध्ये हाताने अधू म्हणून राज्यास मुकलेला पिता, त्याचा सत्तालोभी पुत्र आणि सिंहासनाच्या शपथेने जखडलेला वृद्ध योद्धा पाहताना धृतराष्ट्र, दुर्योधन व भीष्म आठवल्यावाचून राहत नाहीत.

हा प्रकार केवळ भारतीय आहे असे नाही. जोसेफ कॅम्बेल या अमेरिकन अभ्यासकाने 1949 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की जगातील वीरकथांचा आराखडा बहुतांशी एकच असतो: वीर घर सोडतो, संकटांना तोंड देतो आणि काही तरी मोलाचे घेऊन परततो. जॉर्ज ल्यूकस यांनी ‘स्टार वॉर्स’ (1977) रचताना या विवेचनाचा आधार घेतला होता.

मग पुराणातील साचा उचलला की यश हमखास, असे म्हणावे काय? अनुभव तसे सांगत नाही. मणिरत्नम यांनी 1991 मध्ये कर्ण-दुर्योधनाच्या मैत्रीवर तमिळ ‘दळपति’ काढला, तो अतिशय गाजला. त्याच दिग्दर्शकाचा, रामकथेवर बेतलेला हिंदी ‘रावण’ 2010 मध्ये पडला. साचा दोन्हीकडे होता. साचा प्रेक्षकाला दारातून आत आणतो. त्याला शेवटपर्यंत बसवून ठेवतो तो त्या साच्याला विचारलेला नवा प्रश्न. ‘दळपति’तील कर्ण मरत नाही, मरतो तो त्याचा मित्र. ‘आवारा’तील रघुनाथास आपण केलेल्या अन्यायाची कबुली द्यावी लागते. ठाऊक असलेली कथा प्रेक्षक पुनःपुन्हा पाहतो, तेव्हा त्याच्या मनात एक मूक अपेक्षा असते: या वेळी तरी अन्यायाचे परिमार्जन होईल काय?

हा प्रश्न पांढुर्ण्यास फार जवळचा आहे. येथील तरुण आणि सावरगावची तरुणी यांनी पळून जाण्याचा प्रयत्न केला, ती दोघे जाम नदीच्या पात्रात असताना दोन्ही तीरांवरून दगडांचा वर्षाव झाला आणि त्यात त्यांचा अंत झाला, अशी आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा लागतो आणि गोटमार सुरू होते.

दोन वैरी समूह आणि मध्ये सापडलेले प्रेमी, हाच साचा नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने (2016) घेतला आणि मराठी चित्रपटांच्या उत्पन्नाचे पूर्वीचे सारे विक्रम मोडले. त्या चित्रपटाच्या अखेरीस प्रेमी मारले जातात. परंतु दिग्दर्शकाने मारेकऱ्यांचा जयघोष दाखविला नाही. त्याने दाखविले ते रक्तात भिजलेल्या पावलांनी चालत जाणारे अजाण मूल. प्रेक्षक सुन्न होऊन बाहेर पडले, कारण त्यांची करुणा तीरावरच्यांकडे न जाता पात्रातल्यांकडे वळली होती.

पडद्यावर दगड लागला तर खेळ संपल्यावर नट उठून घरी जातो. जाम नदीच्या पात्रात तसे होत नाही. तेथे दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. आजवर अनेकांना प्राणही गमवावे लागले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, मनाई आदेश काढले. पण कथेची पकड आदेशाहून बळकट ठरली. कथेचे उत्तर कथेतूनच शोधावे लागते.

ते उत्तर या परंपरेतच आहे. गोटमार संपल्यावर तो झेंडा चंडीमातेच्या मंदिरात अर्पण होतो आणि दोन्ही गावे एकमेकांची होतात. आख्यायिकाही सांगते, की त्या दोघांच्या मृत्यूनंतर दोन्ही तीरांना पश्चात्ताप झाला. म्हणजे समेट या कथेत पूर्वीपासूनच आहे. बदलायचा आहे तो केवळ दगड. पळस राहावा, झेंडा राहावा, चंडीमातेचे पूजनही राहावे. हरिश्चंद्राची कथा पुन्हा सांगताना फाळक्यांनी साधन बदलले, कथा नव्हे. जाम नदीच्या दोन्ही तीरांनाही हे अशक्य नाही.