थंड इंजिनाचा आवाज आणि त्याची पारख

(हळर्ण येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शापोरा नदीकाठच्या या हळर्ण गावातून पेडण्याच्या बाजारी, शाळेत, कचेरीत वा इस्पितळात जाताना अनेकांचा आधार मोटारसायकल हाच असतो. गोमंतकात पिवळ्या मडगार्डाची मोटारसायकल चालविणारा ‘पायलट’ हा तर परवानाधारक व्यावसायिक आहे. त्याच्या घरची चूल त्या इंजिनावर पेटते. अशी गाडी पहाटे सुरू करताच वाजू लागली, की कोणी म्हणतो, ‘जुनी झाली, वाजणारच’. कोणी म्हणतो, ‘इंजिन गेले, आता खोलावे लागणार.’ दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. पहिल्यात इंजिन जाते, दुसऱ्यात पैसा.

मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रविद्या हा माझा प्रांत नव्हे. परंतु जाणत्या कारागिरांकडून एक सूत्र मी शिकलो आहे: आवाज कसला, हे विचारण्याआधी तो केव्हा थांबतो, हे पाहावे.

रात्रभर उभ्या गाडीतील तेल वरच्या भागांवरून ओघळून तळाशी जमते. इंजिन सुरू झाल्यावर पंप ते पुन्हा वर चढवीपर्यंत काही क्षण जातात. तेवढ्यात टॅपेटची टिकटिक ऐकू आली आणि लगेच विरली, तर सहसा चिंतेचे कारण नसते. ती टिकून राहिली, तर प्रथम तेलाची पातळी पाहावी आणि मग इंजिन थंड असताना टॅपेटचे अंतर तपासून घ्यावे. मात्र आवाज नको म्हणून टॅपेट अधिक आवळू नये. फार आवळलेला व्हॉल्व्ह वाजत नाही, पण नीट मिटत नाही आणि जळतो. शांत इंजिन निरोगी असतेच असे नाही.

दुसरा आवाज इंजिन तापेपर्यंत राहतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा अधिक प्रसरण पावतो. म्हणून थंडपणी त्यांच्यात फट अधिक असते आणि पिस्टन भिंतीवर बद्द आवाजात आपटतो. आवाज सौम्य असेल, तर लक्ष ठेवणे पुरते. तो दिवसेंदिवस वाढू लागला किंवा निळा धूर येऊन तेल कमी होऊ लागले, तर इंजिन दाखवावे. सायलेन्सरची नळी इंजिनास मिळते तेथील सांधा गळत असला, तरी असाच टकटक आवाज येतो आणि धातू तापल्यावर मिटतो. तेथे काजळीचा डाग दिसतो.

तिसरा आवाज थांबतच नाही. इंजिनाच्या एका बाजूने साखळीसारखी खडखड येत असेल, तर टायमिंग चेन व तिचा ताण तपासावा. न्यूट्रलमध्ये क्लच दाबताच आवाज बदलला, तर दोष क्लच वा गिअरच्या बाजूस असण्याचा संभव अधिक. परंतु तळातून जड ठोका येत असेल आणि तेल तापून पातळ झाल्यावर तो वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा संशय घ्यावा. अशी गाडी तत्काळ बंद करावी आणि चालवत न नेता टेम्पोतून न्यावी.

आवाजाची जागा शोधण्यास लांब स्क्रूड्रायव्हर पुरतो. टोक इंजिनाच्या अंगावर टेकवून मूठ कानाजवळ धरावी. फिरते भाग व तापलेला सायलेन्सर यांपासून मात्र दूर राहावे.

आता तीन पथ्ये सांगतो. आवाज दाबण्यासाठी अधिक दाट तेल घालू नये. पहाटे ते वर पोहोचण्यास अधिकच वेळ लागतो. पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच तेल वापरावे. थंड इंजिनाची मूठ जोरात पिळू नये. आणि बंद पडवीत वा खोलीत गाडी सुरू ठेवून आवाज ऐकत बसू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो प्राण घेतो.

शिक्षकांना विनंती, धातूंचे प्रसरण शिकविताना हेच उदाहरण घ्यावे. पायलट बंधूंनी एक लहान वही ठेवावी आणि तारीख, किलोमीटर, आवाज केव्हा सुरू झाला व केव्हा थांबला, एवढेच तीत लिहावे. ती वही मेकॅनिकपुढे ठेवली, की त्याचे अर्धे काम होते आणि आपला अनावश्यक खर्च वाचतो. निदान आधी, पान्हा नंतर, एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.