अरण्याची मोजणी आणि अरण्याचें मोल

शेताची मोजणी सोपी असते. साखळी धरली, बांध पाहिला, क्षेत्र निघालें. धान्याचा भावही बाजारांत ठरतो. अरण्याचें तसें नाहीं. त्याची हद्द कोठें संपते येथूनच वादास आरंभ होतो, आणि त्यांतील संपत्ति कोणत्या मापानें मापावी हें तर त्याहून बिकट कोडें आहे. तथापि ज्याचें मोजमाप नाहीं तें तोडणाऱ्यास फुकटचें वाटतें. म्हणून हें कोडें सोडविण्याचा यत्न फार दिवसांपासून चालत आला आहे.

सन १८५६ मध्यें डीट्रिश ब्रॅण्डिस नांवाचे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशांतील पेगू प्रांतीं सागवानी जंगलांचे अधिकारी म्हणून आले. पावसांत कागद टिकेना. तेव्हां हत्तीवर बसून, एका हातांत लाकडाचे चार तुकडे व दुसऱ्या हातांत चाकू घेऊन ते रानांतून फिरत. सागाचें झाड दिसलें कीं त्याच्या आकाराप्रमाणें ज्या त्या तुकड्यावर एक खांच पाडीत. ह्या खांचांवरून त्यांनीं सागांची गणती केली, आणि दरसाल जितकीं झाडें पूर्ण वाढीस येतील तितकींच तोडावीं, असा नियम घालून दिला. सन १८६४ मध्यें तेच हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. नियम शहाणपणाचा होता. परंतु त्या मोजणींत साग तेवढा आला. इतर वृक्ष, वेली, झरे व पांखरें ह्यांच्यासाठीं हातांत तुकडाच नव्हता.

आज हत्तीची जागा उपग्रहानें घेतली आहे. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था सन १९८७ पासून बहुधा दर दोन वर्षांनीं देशाच्या वनस्थितीचा अहवाल काढते. तिच्या उपग्रहचित्रांतील एक ठिपका म्हणजे जमिनीवरील सुमारें साडेतेवीस मीटरांचा चौरस. त्याहून सूक्ष्म साधन लेझरकिरणांचें. किरण खालीं सोडावा. शेंड्यावरून परतलेल्या व जमिनीवरून परतलेल्या किरणांच्या वेळांतील अंतरावरून झाडाची उंची निघते. असें एक उपकरण डिसेंबर २०१८ मध्यें अंतराळस्थानकाकडे रवाना झालें. उंचीवरून वजनाचा अंदाज बांधतात, आणि सुक्या वजनाच्या सुमारें निम्मा भाग कार्बनाचा धरतात. परंतु वजनाचीं हीं सूत्रें आकाशांतून उतरलेलीं नाहींत. कोणीतरी रानांत जाऊन झाडांचा घेर फितीनें मोजला, तीं झाडें तोडून प्रत्यक्ष तोललीं, तेव्हां तीं हातीं आलीं. यंत्राच्या पाठीशीं अशी माणसाची मेहनत उभी असते.

ह्याहून महत्त्वाचा प्रश्न व्याख्येचा आहे. एक हेक्टर वा अधिक जागेवर शंभरांपैकीं दहा भाग तरी वृक्षच्छाया असली कीं ती जागा सर्वेक्षणाच्या गणतींत वनाच्छादित ठरते. मग ती जमीन कोणाचीही असो व झाडें कोणतींही असोत. ह्या गणतीप्रमाणें २०२३ च्या अहवालांत देशाचें वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे शेंकडा २१.७६ भरलें. ह्यांत सह्याद्रीचें निबिड रान येतें, तशी कोंकणांतील आंब्याकाजूची दाट बागही येऊं शकते. उलट, हेक्टराहून लहान अशी एखादी जुनी देवराई त्या आंकड्यांत शिरत नाहीं. तिची दखल फार तर वेगळ्या वृक्षाच्छादनाच्या अंदाजांत घेतली जाते. यंत्र येथें खोटें बोलत नाहीं. त्यास छायेबद्दल विचारलें, त्यानें छायेबद्दल सांगितलें.

ह्या उत्तरावर पैशांचे व्यवहार होतात. खाणीसाठीं वा धरणासाठीं वनजमीन घेणाऱ्यानें तिचें वर्तमानमूल्य भरावें, असा दंडक सर्वोच्च न्यायालयानें घातला, आणि सन २००८ मध्यें दर हेक्टरीं ४.३८ लाखांपासून १०.४३ लाख रुपयांपर्यंत दर ठरविले. सन २०२२ मध्यें ते वाढविण्यांत आले. दर वनाच्या जातीवर व दाटीवर अवलंबून असतात. म्हणजे दाटी ठरविण्यांत चूक झाली तर किंमतींतही चूक होते. शिवाय भरपाई म्हणून अन्यत्र लाविलेलीं रोपें मोठीं झालीं कीं छायेच्या हिशेबांत वजाबाकी भरून निघते. परंतु शंभर वर्षांचें रान व दहा वर्षांची लागवड ह्यांतील अंतर त्या बेरजेंत दिसत नाहीं.

मोलाची दुसरी बाजू गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) ह्या गोंड गांवानें दाखविली. वनहक्क कायद्यान्वयें सन २००९ मध्यें आपल्या जंगलावर गांवाचा सामूहिक हक्क मान्य झाला. त्या कायद्यानें बांबूही गौण वनोपज ठरविला होता; तरी त्याच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं यावयास एप्रिल २०११ उजाडला. बांबू तोच, बेट तेंच. उपग्रहास त्या दिवशीं रानांत तिळभरही फरक दिसला नसेल. तरी ग्रामस्थांच्या दृष्टीनें त्या बेटांचें मोल पालटलें, कारण विक्रीचा पैसा व राखणीची जबाबदारी दोन्ही त्यांच्याकडे आलीं.

ह्यास्तव नवीं साधनें त्याज्य नव्हेत. तीं रानाजवळ राहणाऱ्यांच्या हातीं आलीं पाहिजेत. काम कठीण नाहीं. रानांत एक खूण रोवावी व दोरीनें १७.८४ मीटर त्रिज्येचें वर्तुळ आंखावें; सपाट जागीं हा हेक्टराचा दहावा भाग होतो. खुणेची जागा मोबाइलवर नोंदवावी. वर्तुळांतील प्रत्येक झाडाचें नांव, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवरचा त्याचा घेर, त्यावरील घरटीं व खालीं उगवलेलीं रोपें वहींत लिहावीं. दरसाल त्याच महिन्यांत पुन्हां मोजावें. शाळेंतील मुलें व गांवांतील जाणतीं माणसें एकत्र आलीं तर एका सकाळींच हें होऊं शकेल. उद्यां कोणी त्या रानाची किंमत सांगावयास आला, तर ग्रामसभेच्या दप्तरीं स्वतःची वही असेल, आणि उपग्रहाचा आंकडा तिच्याशीं ताडून पाहतां येईल.