उत्तर प्रांताचा कारभार
(ज्युबिली समारंभांत दिलेलें व्याख्यान)



वसईच्या किल्ल्याचा तट पाहिला म्हणजे आपणांस लढाया आठवतात. परंतु त्या तटाच्या आंतून दोनशें वर्षें कारभार कसा चालला, याचा विचार क्वचितच होतो. तोच विषय आज थोडक्यांत मांडतों.

इ. स. १५३४ च्या डिसेंबरांत गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीजांस तहानें दिला. १५५९ त दमण त्यांच्या हातीं आलें. गोव्याच्या उत्तरेस असलेल्या या सरहद्दीच्या पट्टीस ते ‘उत्तर प्रांत’ म्हणत. प्रांताचा सेनापति वसईस राही. किल्ल्यावर कप्तान, वसुलास वखारीचा अधिकारी, न्यायास न्यायाधीश व शहराच्या कामांस नगरसभा, अशी व्यवस्था होती. परगणा व कसबा हे पूर्वीचे विभाग मात्र त्यांनीं नांवांसकट कायम ठेविले.

सरहद्द राखण्यास पगारी फौज पुरेशी नव्हती. म्हणून गांवें ठराविक साऱ्यानें, बहुधा तीन वारसांच्या हयातीपर्यंत, पोर्तुगीज घराण्यांस देण्यांत येत. सोळाव्या शतकांत मुंबईचें बेटहि असेंच गार्सिया द ऑर्ता या वैद्याकडे होतें. घेणारानें घोडा व हत्यारें बाळगून प्रसंगीं लढावें, ही अट. योजना चतुर होती. पण पुढें पुष्कळ गांवें दूर राहणाऱ्या मालकांकडे व धर्मसंघांकडे गेलीं. ज्युबिलीच्या दिवशींहि ही गोष्ट झांकून ठेवूं नये. उत्पन्न घेणारा राहिला, लढणारा राहिला नाहीं. आणि कसणाऱ्या रयतेस तर या हिशेबांत सारा भरण्यापलीकडे स्थानच नव्हतें.

१७३७ त मराठ्यांनीं ठाणें व साष्टी घेतली, तेव्हां ठाण्याचा किल्ला बांधून पुराहि झाला नव्हता. अंजूरच्या नाईकांसारखे स्थानिक पुढारी मराठ्यांस मिळाले होते. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांपुढें वसई पडली. मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस स्वधर्म पाळण्याची मोकळीक तहांत मिळाली. सनदांचे धनी गलबतांतून निघून गेले. नांगर धरणारे आपले पूर्वज येथेंच राहिले.

तात्पर्य हेंच कीं, सरहद्द सनदेनें राखली जात नाहीं; तेथें राहणाऱ्या माणसांस ती आपली वाटली तरच ती टिकते. त्या माणसांची नांवें मोठ्या इतिहासांत नाहींत. तीं देवळांतील बाप्तिस्म्याच्या वह्यांत आणि आपल्या घरच्या पेट्यांतील जुन्या कागदांत सांपडतील. ते कागद वाळवीच्या स्वाधीन करूं नका, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.