न पटणाऱ्या धर्माची ओळख

(नागपूर येथील शारदीय व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे वाक्य आपण फार लवकर म्हणतो. शाळेच्या संमेलनात, लग्नाच्या पंगतीत, शांतता समितीच्या बैठकीत ते हमखास ऐकू येतं. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, त्या हेतूबद्दल मला आदर आहे. पण या वाक्यानं बोलणं तिथेच मिटतं. सगळं एकच असेल, तर शेजारच्या घरी काय मानतात हे विचारायची गरजच काय उरली? आज मला दुसऱ्या बाजूनं बोलायचं आहे. धर्म वेगळे आहेत, काही ठिकाणी ते एकमेकांना सरळ नाकारतात, आणि तरीही दुसऱ्याच्या धर्माची कदर करता येते. मतभेद असतो तिथे ही कदर अवघड होते, म्हणून तिथलंच बोलू.

दसरा तोंडावर आला आहे. दोन-चार दिवसांत दीक्षाभूमीकडे माणसांची रीघ लागेल. रेल्वे स्टेशनवरून, बसस्टँडवरून पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं चालत येतील, लहान मुलं खांद्यावर असतील, ठिकठिकाणी भोजनदान चालेल. 14 ऑक्टोबर 1956 रोजी, विजयादशमीला, याच ठिकाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कुशीनगरच्या चंद्रमणी महास्थविरांकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग समोर जमलेल्या लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली. 1935 मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं होतं. त्या घोषणेपासून या दिवसापर्यंत एकवीस वर्षं गेली. ती अभ्यासाची आणि पारखण्याची वर्षं होती.

त्या वेळी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आपल्यापैकी किती जणांनी सबंध वाचल्या आहेत? मी हिंदू घरात वाढलेला माणूस आहे, म्हणून हा प्रश्न आधी माझ्यासारख्यांना विचारतो. त्यातल्या सुरुवातीच्या प्रतिज्ञांमध्ये ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना देव न मानण्याचा आणि त्यांची पूजा न करण्याचा निश्चय आहे. पाचव्या प्रतिज्ञेत बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे म्हणणं नाकारलेलं आहे. आणि आपण काय करतो? बौद्ध शेजाऱ्याशी जवळीक दाखवायची म्हणून अगदी प्रेमानं म्हणतो, ‘बुद्ध आमचाही नववा अवतारच की!’ ज्या विधानातून बाहेर पडण्यासाठी त्याच्या आजोबांनी पाऊल उचललं, तेच विधान आपण त्याच्या हातात भेट म्हणून ठेवतो. तो सभ्यपणानं हसतो, चहा पितो, निघून जातो. त्याला जे म्हणायचं होतं ते आपल्यापर्यंत पोचलेलंच नसतं.

या प्रतिज्ञा ऐकताना हिंदू माणसाला अस्वस्थ वाटलं तर वाटू द्यावं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. ज्या देवांच्या आरत्या म्हणत आपण लहानाचे मोठे झालो, त्याच देवांच्या देवळाबाहेर दुसऱ्या कुणाला पिढ्यान्‌पिढ्या उभं ठेवलं गेलं. आपल्याला जिथे माया मिळाली तिथेच त्याला अपमान मिळाला. हे कळलं की प्रतिज्ञांमधला नकार ऐकू येतो आणि त्याच्या पाठीमागचा होकारही ऐकू येतो. प्रज्ञा, शील, करुणा यांना दिलेला तो होकार आहे. आपली श्रद्धा न सोडता हे ऐकता येतं. मी ती सोडलेली नाही.

आता आपल्या गावातल्या एका वेगळ्याच माणसाकडे वळतो. हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. स्टीफन हिस्लॉप या माणसाबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही. हा स्कॉटिश मिशनरी 1845 साली नागपुरात आला. कशासाठी आला याबद्दल त्याच्या मनात काही संदिग्धता नव्हती. इथल्या लोकांना ख्रिस्ती करावं, हाच त्याचा हेतू होता. पण त्याची नजर जमिनीकडेही होती आणि माणसांकडेही. नागपूर परिसरातल्या खडकांचा आणि जीवाश्मांचा त्यानं अभ्यास केला, एका खनिजाला त्याचं नाव मिळालं. आणि आसपासच्या गोंड वस्त्यांत जाऊन त्यानं परधानांकडून, म्हणजे गोंडांची वंशावळ आणि देवांच्या कथा गाऊन सांगणाऱ्या भाटांकडून, लिंगोची कथा उतरवून घेतली. मूळ गोंडी शब्दांत घेतली. त्या काळी ही भाषा लिहिण्याच्या योग्यतेची आहे असं इथल्या शिकल्यासवरल्या लोकांनाही वाटत नव्हतं.

4 सप्टेंबर 1863 च्या रात्री टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळं पाहून बोरीकडे परतताना पुरानं फुगलेल्या नाल्यात तो बुडाला. कागद तसेच राहिले. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ते संपादून 1866 मध्ये छापले. गोंडांचा धर्म खरा आहे असं हिस्लॉपला कधीच वाटलं नाही. तरी त्यांनी सांगितलेलं त्यांच्या शब्दांत लिहून घ्यावं, एवढा सन्मान त्यानं त्यांना दिला. मिशनऱ्यांच्या कामावर आक्षेप घ्यायला जागा आहे, मीही घेतो. पण या एका कामापुरतं मला त्या माणसासमोर नम्र व्हावंसं वाटतं. मत न बदलता नीट ऐकता येतं, याचा हा छापील पुरावा आहे.

लिंगोच्या त्या कथेत महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि लिंगो त्यांची सुटका करतो, मग त्यांची कुळं आणि देव वाटून देतो. आजचे गोंडी अभ्यासक ही कथा वेगळ्या रीतीनं सांगतात. ज्यांना आपण महादेव म्हणतो ते शंभू शेक त्यांचे स्वतःचे आहेत, पहांदी पारी कुपार लिंगो हे त्यांच्या कोया पुनेमचे, म्हणजे धर्माचे, संस्थापक आहेत, आणि गुहेतल्या मुलांना जंगो रायताड मातेनं आईची माया दिली, असं ते मांडतात. नागपूरच्याच मोतीरावण कंगाली यांनी यावर आयुष्यभर ग्रंथ लिहिले. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेच्या सुमारास मोठी यात्रा भरते. पिवळे आणि सप्तरंगी झेंडे घेऊन अनेक राज्यांतले गोंड तिथे येतात. नागपूर वसवणारा राजा बख्त बुलंद शहा गोंडच होता, औरंगजेबाच्या दरबारी इस्लाम स्वीकारून आलेला, हे आपण 1702 या सनासकट पाठ केलेलं असतं. पण त्याच्या पूर्वजांच्या धर्माचं नाव विचारलं, तर इथे किती हात वर येतील? जनगणनेत आपल्या धर्माला वेगळा रकाना असावा अशी आदिवासींची मागणी आहे. ती मान्य करावी की नाही यावर वाद होऊ शकतो. पण ‘तुम्ही आमचेच, वेगळं काय मागता’ असं म्हणून तो वाद संपवू नये. ‘नववा अवतार’ म्हणणाऱ्याच्याच तोंडचं हे वाक्य आहे.

ताजबागेतल्या दर्ग्यात मात्र आपण सगळेच जातो. कामठीला 1861 मध्ये जन्मलेले ताजुद्दीन बाबा वेडे ठरून 1892 पासून नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात होते. 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी हमी देऊन त्यांना बाहेर काढलं आणि शक्करदऱ्याच्या आपल्या राजवाड्यात आणून ठेवलं. पुढे सावनेरजवळच्या वाकीला काशिनाथ पाटलांनी त्यांचं सगळं केलं. 1925 मध्ये बाबा गेले. उरुसाला चादर घेऊन जाणाऱ्यांत हिंदू किती आणि मुसलमान किती हे मोजायच्या भानगडीत नागपूरकर पडत नाही. हे आपल्या शहराचं भाग्य आहे आणि ते मनापासून जपावं असं मला वाटतं. एवढंच, की नवस बोलायला जाणारे आपण बाबांना ओळखतो, पण त्यांच्या नमाजात काय म्हटलं जातं ते पन्नास वर्षं जाऊनही आपल्याला माहीत नसतं. पाऊल पडलेलं आहे. त्याच्या पुढचं पाऊल एका माणसानं टाकलं होतं. तो इथून दोन तासांच्या अंतरावर, पवनारला, धाम नदीच्या काठी राहत होता.

विनोबांविषयी मला आज जरा जास्त बोलायचं आहे. 1938 मध्ये ते पवनारला आले. सेवाग्रामला गांधीजींच्या प्रार्थनेत तेव्हा निरनिराळ्या धर्मांची वचनं येऊ लागली होती. ती ग्रंथ चाळून निवडलेली नव्हती, माणसांबरोबर आलेली होती. कुराणातलं वचन रेहाना तय्यबजींकडून आलं. जपानी मंत्र आश्रमात राहिलेल्या निचिदात्सू फुजी यांच्या शिष्याकडून आला. महायुद्धात जपान उतरल्यावर त्या भिक्षूला पोलिसांनी पकडून नेलं, पण मंत्र राहिला. पारशी प्रार्थना आगाखान पॅलेसच्या कैदेत डॉ. गिल्डर यांच्याकडून मिळाली. मला ही प्रार्थना याच कारणासाठी फार मोलाची वाटते. तिच्या प्रत्येक तुकड्यामागे ओळखीचा चेहरा आहे.

विनोबांचा स्वभाव मुळाशी जाण्याचा. कुराणाची भाषांतरं वाचून त्यांचं समाधान झालं नाही, म्हणून चाळिशी ओलांडल्यावर ते अरबी शिकायला बसले. उच्चार नीट यावेत म्हणून मेहनत घेतली. मौलाना आझादांनी त्यांचं कुराणपठण ऐकलं होतं. वर्षानुवर्षं वाचन करून त्यांनी आयतांची विषयवार निवड केली, ती ‘कुराण-सार’. पुस्तक बाहेर येण्याआधीच कराचीच्या एका वृत्तपत्रानं टीका केली, की एका काफरानं कुराणाची काटछाट चालवली आहे. नेमक्या त्याच वर्षी, सप्टेंबर 1962 मध्ये, विनोबा पूर्व पाकिस्तानातून पायी चालत होते आणि तिथे त्यांना जमीनही दान मिळत होती. त्यांच्या बाजूनं बोलायला भारतातले मुसलमान पुढे आले.

त्यांनी धम्मपदाच्या 423 गाथांची नव्यानं मांडणी केली, जपुजीवर भाष्य केलं, ‘ख्रिस्त-धर्म-सार’ काढलं. आता इथे माझी एक शंका सांगतो. सार काढणारा शेवटी आपल्याला रुचेल तेच काढतो. कडू, टोचणारं, आपल्या धर्माला नाकारणारं ते बाजूला राहतं, आणि मग पुन्हा ‘सगळं एकच’ या ठिकाणी आपण येऊन पोचतो. विनोबांच्या निवडींवर हा आक्षेप घेता येतो. त्यांच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल, की निवडण्यापूर्वी त्यांनी पूर्ण ग्रंथ पचवला होता. आपण मात्र बहुधा भिंतीवरच्या सुविचारावरून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो.

या शंकेचं उत्तर त्यांच्या पुढच्या कामात मला सापडतं. जैनांसाठी सर्व पंथांना मान्य असा एक ग्रंथ असावा असं त्यांना फार वाटत होतं. तो त्यांनी स्वतः तयार केला नाही. जैनांच्या पाठीमागे लागले. जिनेंद्र वर्णींनी संकलन केलं, मसुदे झाले, दुरुस्त्या झाल्या. 1974 च्या नोव्हेंबरात दिल्लीत दिगंबर आणि श्वेतांबर मुनी आणि विद्वान दोन दिवस एकत्र बसले आणि 756 गाथांचा ‘समणसुत्तं’ सर्वमान्य झाला. विनोबा त्या बैठकीला नव्हते, पवनारलाच होते. एका परधर्मीयाच्या जिव्हाळ्यानं पंथांतली भांडणं बाजूला ठेवून माणसं एका पानावर आली. आणि पानावर काय असावं हे ठरवण्याचा अधिकार त्यानं त्यांच्याकडेच ठेवला. दुसऱ्याच्या धर्मावर मनापासून प्रेम करूनही तो आपला म्हणून ताब्यात घेऊ नये, हे मला या एका उदाहरणातून जितकं कळलं तितकं कुठल्या व्याख्येतून कळलं नाही.

मग आपण काय करावं? सगळ्यांनी अरबी शिकावी असं मी म्हणत नाही. यंदा दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर जा. तिथे पुस्तकं घेणाऱ्यांची गर्दी पाहण्यासारखी असते. गावाकडून आलेली, कष्टानं पैसे जमवलेली माणसं पिशवी भरून ग्रंथ नेतात. तिथून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ घ्या. बाबासाहेबांच्या निधनानंतर, 1957 मध्ये, मूळ इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो सुरुवातीपासून वाचा. लवकरच तुम्ही अडाल. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं ही शाळेत शिकलेली गोष्ट बाबासाहेब मान्य करत नाहीत. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा पाहिलाच नसेल का, असं ते विचारतात. त्याऐवजी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा आणि युद्धाला सिद्धार्थानं केलेला विरोध ते मांडतात. बौद्ध जगातल्या सगळ्यांनाच हे पटलेलं नाही. तिथे खूण करून ठेवा आणि तुमच्या बौद्ध शेजाऱ्याला, सहकाऱ्याला, भाजीवाल्या ताईंना विचारा: गृहत्यागाची ही गोष्ट तुमच्या घरी कशी सांगतात, आणि पाण्यावरच्या भांडणापासून धम्म सुरू होतो याचा तुम्हाला काय अर्थ लागतो?