प्रवासखर्च कोणी सोसावयाचा?

(पिंपळगाव बसवंत येथे पक्षकार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पेट्रोल-डिझेलचे भाव चढू लागले की आपल्याकडे दोन तऱ्हेची भाषणे ऐकू येतात. पहिल्यात सारा दोष दिल्लीच्या माथी मारून वक्ता मोकळा होतो. दुसऱ्यात गाडी सावकाश चालवा, चाकांत हवा पुरेशी ठेवा, विनाकारण हिंडू नका असा उपदेश असतो. पहिल्या भाषणाने ऐकणाऱ्याचे पैसे वाचत नाहीत, आणि दुसऱ्याने ते कोठे जातात याचा उलगडा होत नाही. आपण कार्यकर्ते आहोत. आपल्याला दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या पाहिजेत. म्हणून प्रारंभीच माझे म्हणणे मांडतो. कामावर जाण्यायेण्याचा खर्च हा कामाचाच खर्च आहे. तो एकट्या कष्टकऱ्याच्या पदरात टाकला जातो, तेव्हा ती मजुरीतील कपातच असते, मग तिला कोणी कपात म्हणो वा न म्हणो. आणि हा खर्च कमी करण्याचा टिकाऊ मार्ग एकेकट्याने चालण्याचा नाही.

आपल्या गावाचेच पाहू. मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटरवर पिंपळगाव वसले आहे. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे यांमुळे येथील बाजार समितीचे नाव देशभर झाले. परंतु या गावातून आणि या गावाकडे रोज माणसेही तितकीच वाहिली जातात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जाणारे कामगार आहेत. १९६४ पासून ओझरला विमानांचा कारखाना आहे, त्याच्या आधाराने जगणारी कुटुंबे आहेत. महाविद्यालयांत जाणारी मुले-मुली आहेत. बाजारात येणारे हमाल-मापारी आणि कांद्याच्या खळ्यांवर निवडीसाठी येणाऱ्या स्त्रिया आहेत. आणि द्राक्षांच्या हंगामात पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडून छाटणी, डिपिंग, विरळणी आणि काढणीसाठी येणाऱ्या आदिवासी मजुरांच्या टोळ्या आहेत.

आता हिशेब करू. पिंपळगावाहून मोटारसायकलवर नाशिकला जाणारा कामगार दिवसाला ६० किलोमीटर धावतो. महिन्याचे २६ दिवस धरले, तर १,५६० किलोमीटर होतात. गाडी लिटरला ५० किलोमीटर देते असे मानले, तर ३१ लिटर पेट्रोल लागते. हिशेबापुरता लिटरचा भाव १०० रुपये धरा. महिन्याला ३,१०० रुपये झाले. यात तेल, चाके, दुरुस्ती आणि गाडीचा हप्ता आलेला नाही. पेट्रोल लिटरमागे एक रुपयाने वाढले, की या माणसाची मजुरी महिन्याला ३१ रुपयांनी घटते, आणि त्याचा मालक मात्र एक पैही कमी देत नाही.

त्याच माणसाने एसटीचा पास काढला तर काय होते? जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याला साधारण दहा रुपये झाले. पाच टप्प्यांचे ५० रुपये. महामंडळाच्या मासिक पासात २० दिवसांचे भाडे भरून ३० दिवस प्रवास करता येतो. म्हणजे सुमारे २,००० रुपये. स्त्रियांना १७ मार्च २०२३ पासून तिकिटात निम्मी सवलत मिळाली. त्या रोजचे तिकीट काढूनही २६ दिवसांत सुमारे १,३०० रुपयांत जाऊन येऊ शकतात. एकट्याने मोटारसायकल चालवणाऱ्यापेक्षा पासधारक महिन्याला हजार-अकराशे रुपये वाचवतो. मात्र एका गाडीवर दोघे बसले, तर प्रत्येकी १,५५० रुपयेच पडतात. ही गोष्ट आपण लपवता कामा नये. धोका पत्करून दोघांनी केलेला दुचाकीचा प्रवास जर सार्वजनिक गाडीपेक्षा स्वस्त पडत असेल, तर सार्वजनिक गाडीच्या भाड्यातच काही खोट आहे.

ती खोट कोणती? सामान्य माणूस एसटीला दोष देतो आणि गाडी वेळेवर येत नाही म्हणून चिडतो. त्याचे चिडणे रास्त आहे. परंतु एसटीवर लादलेले ओझेही त्याला दाखवले पाहिजे. जनतेची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गाडीच्या भाड्यावर वर्षानुवर्षे साडेसतरा टक्के प्रवासी कर आकारला गेला. त्या दराने दोन हजारांच्या पासातील जवळजवळ तीनशे रुपये कराचे होतात. डिझेलची कथा आणखी विलक्षण आहे. जानेवारी २०१३ मध्ये केंद्र सरकारने घाऊक ग्राहकांसाठी डिझेलचा भाव मोकळा केला. परिणामी हजारो गाड्या चालवणाऱ्या सार्वजनिक महामंडळाला खासगी मोटारवाल्यापेक्षा महाग डिझेल घ्यावे लागले आणि एसटीच्या गाड्या रस्त्यावरच्या पंपांपुढे रांगा लावू लागल्या. मार्च २०२२ मध्ये घाऊक डिझेलचा भाव एकदम लिटरला सुमारे २५ रुपयांनी चढला, तेव्हा तोच खेळ पुन्हा झाला. जास्त घेणाऱ्याला स्वस्त मिळते, हा बाजाराचा साधा नियम. तो उलटला आणि त्याचा फटका कोणाला बसला? लाल गाडीत बसणाऱ्याला.

भाव आंतरराष्ट्रीय बाजार ठरवतो, आपल्या हाती काय आहे, असेही सांगितले जाते. पेट्रोलचे भाव जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले, ते याच युक्तिवादाने. मग बाजार उतरल्यावर भावही उतरावयास हवे होते. एप्रिल २०२० मध्ये जगभर कच्च्या तेलाचे भाव कोसळले. त्या वेळी, म्हणजे मे २०२० मध्ये, केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरला १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवले. २०१४ मध्ये पेट्रोलवर सुमारे साडेनऊ रुपये असलेले हे शुल्क सुमारे ३३ रुपयांवर गेले. डिझेलवरचे साडेतीन रुपयांवरून ३२ च्या घरात गेले. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये ते काही अंशी उतरवले गेले, हेही सांगितले पाहिजे. परंतु चढते भाव लोकांचे आणि उतरते भाव तिजोरीचे, ही वाटणी त्या काळात उघड झाली. प्राप्तिकर उत्पन्न पाहून घेतला जातो. पेट्रोलवरचा कर मजूर आणि कारखानदार यांच्याकडून सारख्याच दराने वसूल होतो.

साथींनो, मोटारसायकलवाल्याचा हिशेब निदान मांडता तरी येतो. ज्यांचा हिशेब कोणीच मांडत नाही, त्यांच्याकडे आता वळू. हंगामात पहाटे मजुरांच्या टोळ्या पिकअप गाड्यांत उभ्याने कोंबलेल्या दिसतात. माल वाहण्यासाठी केलेल्या गाडीत माणसे भरलेली असतात. भाडे कधी मुकादम कापून घेतो, कधी मजुरीचा दरच त्या बेताने ठरतो. डिझेल महागले की त्याच गाडीत आणखी चार माणसे चढवली जातात, आणि हीच त्या व्यवहारातील काटकसर असते. अपघात झाला, तर काय होते हेही लक्षात घ्या. मालवाहू गाडीत फुकट वा भाडे देऊन बसलेल्या प्रवाशाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात दिला आहे. म्हणजे वाचवलेल्या भाड्याची किंमत त्या बाईच्या हातापायांनी मोजावी लागते.

यावर आपलेच काही बागाईतदार मित्र म्हणतील की औषधे, खते, पाण्याचा पंप, ट्रॅक्टर सारे महागले. मजुरांच्या गाडीचा खर्च आम्ही कोठून द्यावा? हा आक्षेप खोटा नाही. दोन एकर बागेचा धनी काही भांडवलदार नव्हे. परंतु त्याला एका गोष्टीची आठवण करून दिली पाहिजे. नोव्हेंबर १९८० मध्ये याच तालुक्यात, याच महामार्गावर शेतकरी कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी बसले होते. शरद जोशींच्या नेतृत्वाखालील त्या आंदोलनाचा गाभा एवढाच होता, की उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव मिळाला पाहिजे. हे सूत्र न्याय्य होते. मग मजुराचा माल कोणता? त्याचे श्रम. ते बागेपर्यंत आणण्यास जो खर्च येतो, तो त्या श्रमांचा उत्पादनखर्च नव्हे काय? स्वतःच्या कांद्याच्या भावात वाहतूक धरणाऱ्याने मजुराच्या भावात ती वगळावी, हे एका तोंडाने दोन भाषा बोलण्यासारखे आहे. शेतकऱ्याने हा खर्च आपल्या उत्पादनखर्चात उघड धरावा आणि रास्त भावाच्या मागणीत तो मांडावा. त्या मागणीसाठी आपण त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहू.

आता काय करावयाचे? १९७३ च्या तेलसंकटात इंदिरा गांधी घोडागाडीतून निघाल्या आणि अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. छायाचित्रे छान निघाली. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ मध्ये, मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाईविरुद्ध जी संयुक्त महिला समिती उभी केली, तिने घरोघरच्या बायकांच्या हाती लाटणे देऊन त्यांना रस्त्यावर आणले. आपला वारसा त्या लाटण्याचा आहे.

पहिले काम आपल्या हातचे आहे. प्रत्येक वस्तीत कामावर जाणाऱ्यांची यादी करा: कोण, कोठे, कोणत्या पाळीला जातो. एकाच पाळीचे दोघे दोन गाड्या नेत असतील, तर त्यांना एका गाडीवर आणा, दोघांच्याही डोक्यावर शिरस्त्राण ठेवूनच. पेट्रोलचा वाटा निम्मा करावा; तो वाटा असावा, भाड्याचा धंदा होऊ नये. बाजार समितीत चार-पाच किलोमीटरवरून येणाऱ्यांना सायकल पुरेशी आहे. त्यांच्यासाठी महामार्गालगतच्या सेवारस्त्यावर दिवे आणि सुरक्षित वाट हवी, ही मागणी ग्रामसभेत ठरावाने करा. पासाची सवलत आजही पुष्कळांना ठाऊक नाही. तिची माहिती घरोघर पोहोचवा.

दुसरे काम त्याच यादीच्या बळावर करावयाचे आहे. पिंपळगावला एसटीचे आगार आहे. पहाटेच्या पाळीला साठ माणसे जातात, असे नावानिशी दाखवून गाडी मागणे वेगळे, आणि नुसते निवेदन देणे वेगळे. महासाथीपूर्वी १८ हजारांच्या घरात असलेला एसटीचा ताफा नंतर १५ हजारांच्या आसपास उतरला. गाड्या कमी असल्या, की प्रथम खेड्यांच्या फेऱ्या तुटतात. ज्या वाडीला गाडीच जात नाही, तेथील बाईच्या निम्म्या तिकिटाचा उपयोग काय? तोट्याचे कारण पुढे केले जाईल. तेव्हा १९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा त्यांच्यापुढे ठेवा. त्याचे २२ वे कलम व्यापारी तत्त्वांवर कारभार करण्यास सांगते, हे खरे. परंतु त्याआधीचे १८ वे कलम कार्यक्षम, पुरेशी आणि किफायतशीर सेवा देणे हे महामंडळाचे कर्तव्य ठरवते. जनतेचे शासन या दोन कलमांपैकी कोणते आधी वाचते, यावर त्याची परीक्षा होते. कर्नाटकाने जून २०२३ मध्ये आपल्या स्त्रियांना साध्या गाड्यांतून विनामूल्य प्रवास दिला. तमिळनाडूने २०२१ मध्येच शहरी साध्या गाड्यांपुरता दिला होता. पैसा कोठे खर्च करावयाचा, हा राजकीय निर्णय असतो.

तिसरे काम मजुरांच्या टोळ्यांचे आहे. एका शिवारातील आठ-दहा बागाईतदारांनी मिळून प्रवासी परवान्याची गाडी ठरवावी, तिचे भाडे मजुरीच्या दराबाहेर ठेवावे, आणि हे हंगामापूर्वी मुकादमासमक्ष लिहून घ्यावे. एका शेतकऱ्याला न पेलणारे ओझे दहांना पेलते. यासाठी बागाईतदार आणि मजूर यांना एका सतरंजीवर बसवणे, हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे. ते अवघड आहे, म्हणूनच ते दुसरे कोणी करणार नाही.

शासनाकडे आपल्या मागण्या तीन आहेत. एसटीच्या साध्या गाडीच्या भाड्यावर प्रवासी कर असू नये. सार्वजनिक गाडीचे डिझेल खासगी गाडीच्या डिझेलपेक्षा कधीही महाग असू नये. आणि किमान वेतन ठरवताना कामावर जाण्यायेण्याचा खर्च त्यात वेगळा दाखवावा आणि इंधनाच्या भावाबरोबर तो वाढवावा.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. स्वतंत्र देशातील गरिबाला खासगी मोटारवाल्याच्या मर्जीवर प्रवास करावा लागू नये, ही भावना त्यामागे होती. ती गाडी आपल्या वाडीपर्यंत येणे, तिच्यात बसणे परवडणे आणि ती वेळेवर सुटणे, एवढ्या साध्या गोष्टींसाठी संघटना उभी करावयाची आहे. येत्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या वस्तीची यादी पुरी करून पुढच्या बैठकीत आणावी. आगारात जाण्याचा दिवस आपण त्याच बैठकीत ठरवू.