उभ्या मोटारीची बॅटरी

२०२० सालच्या टाळेबंदींत आमची मोटार दोन महिने दारांत उभी होती. एके रात्रीं पत्नीच्या छातींत कळ आली. किल्ली फिरविली, तों नुसती टकटक! शेजाऱ्यांच्या गाडीनें वेळ निभावली. दोष सर्वस्वीं माझा होता.

उभी मोटार निजलेली दिसते. पण तिचें घड्याळ व चोराची वर्दी देणारी घंटा जागींच असतात. ३० मिलिअँपिअर प्रवाह अहोरात्र वाहिला, तर महिन्याकाठीं सुमारें २२ अँपिअर-तास खर्च होतात. म्हणजे ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा जवळजवळ अर्धा सांठा. बॅटरी तशीच रिती राहिली, कीं शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटाचे कठीण स्फटिक जमतात व तिची धारणशक्ति कायमची उणावते.

उपाय सोपे आहेत. आठवड्यांतून एकदां गाडी निदान अर्धा तास रस्त्यावर चालवावी. जागच्या जागीं पांच-दहा मिनिटें इंजिन फिरविल्यानें भरपाई होत नाहीं. बंद गॅरेजमध्यें तर विषारी धुरानें प्राणावर बेतेल. दीर्घकाळ परगांवीं जावयाचें असल्यास बॅटरी पूर्ण भरून तिच्या ऋण टोंकाची तार सोडवून ठेवावी. विश्रांत स्थितींत १२.६ व्होल्ट दाब म्हणजे बॅटरी भरलेली, तो १२.४ च्या खालीं गेल्यास चार्जर लावावा. मात्र हवा खेळती असावी, कारण त्या वेळीं हायड्रोजन वायु सुटतो.

हल्लीं दर रविवारीं सकाळीं आम्ही उभयतां मोटारींतून फेरी मारून येतों.